शुक्रवारची खुशाली

१

शुक्रवारी खुशाली आली नाही, आणि सोमवारी सकाळी जयवंतीकाकी राऊत शिरगावहून पालघरला मोनाली सावेच्या ऑफिसात येऊन बसल्या.

ऑफिस म्हणजे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. पाटीवर 'सावे चौकशी सेवा' एवढंच लिहिलेलं होतं, पण ती चौकशी कशाची असते हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, पगार सांगतात तेवढा खरा का, हे लग्नाआधी शोधून द्यायचं काम मोनाली करायची. "तू मोडलेली लग्नं मोजता यायची नाहीत, आणि जुळवलेलं एक नाही," असं तिची आईच तिला म्हणायची. मोनालीला त्याचं काही वाटत नसे. खोटं उघडं पडलं की माणसाचं भलंच होतं, असं तिचं त्या सोमवारपर्यंत पक्कं मत होतं.

"स्थळ कुठलं, काकी?" तिने वही ओढली.

"स्थळ नाय गो. पोरगा हरवलाय." काकींनी पिशवीतली दोन शहाळी टेबलावर ठेवली. "हरवलाय, आन पैसे काढतोय."

मोनालीने वही मिटली.

काकींचा एकुलता एक धीरज दसऱ्यानंतर पोलंडला गेला होता. तिथल्या कुठल्याशा गोदामात खोकी भरायचं काम. शेजारचा चिराग बरोबर होता. रोज फोन यायचा. जानेवारीत धीरजचा फोन बंद झाला तो झालाच. चिराग थंडी झेपली नाही म्हणून परत आला, आणि धीरज दुसऱ्या गावी कामाला गेला, बरा आहे, एवढं सांगून बोईसरला नोकरीला लागला.

"पण मला घोर नव्हता," काकी म्हणाल्या. "खुशाली येत व्हती ना."

खुशाली म्हणजे बँकेचा मेसेज. जाण्याआधी मायलेक बँकेत गेले होते. काउंटरवरच्या मुलीने दोन कार्डं दाखवली. एक प्रवासाचं, आधी पैसे भरून न्यायचं. दुसरं घरच्या खात्याचं, तेच परदेशासाठी उघडून द्यायचं. धीरजला पहिलं हवं होतं.

"त्या कार्डाचा मेसेज त्याच्याच फोनवर जाणार. मग आमाला काय कळणार? मी म्हटलं, आपलंच कार्ड घे. तू पैसे काढलेस की माझा फोन वाजेल, मी समजेन पोरगा जेवला. तवापास्नं त्या मेसेजला आमी खुशालीच म्हणतो. पगारबी त्याच खात्यात येतो. जमा झाला की काढतो. सरळ पोरगा हाय."

"आणि आता खुशाली थांबली."

"दर शुक्रवारी येती. ह्या शुक्रवारी नाय आली." काकी म्हणाल्या. "ह्यांचं अर्धं अंग होळीला गेलं. डॉक्टर म्हनले, पावसाळा काढला तर नशीब. हे दिवसभर माझा फोन उशाशी घेऊन पडून असतात, आज तुला दाखवायला मागून आणलाय. ह्यांना एकदा पोरगा दाखव. मग काय व्हायचं ते होऊ दे."

मोनालीने नेहमीचे प्रश्न विचारले. पैसे काढतो हे कोणाला माहीत? गावाला. शुक्रवारी काढतो हे? "कोणाला नाय. वार सांगितला की माणसं वाटंला डोळे लावून बसतात. मी आन हे, दोघंच." कार्डाचा नंबर कोणी विचारला होता का?

"कोण विचारणार! मी फसत नाय. मागं एकदा रात्री बँकेतली बाई फोनवर म्हनली, परदेशात तुमी पैसे काढताय काय? मी म्हटलं, बाई, मी शिरगावात हाय, मी कशाला काढू? नाय काढत. ती म्हनली, बरं झालं सांगितलंत."

"शाब्बास, काकी," मोनाली म्हणाली. हल्ली फसवणुकीचे फोन फार येतात.

तिने काकींच्या फोनमधल्या सगळ्या खुशाल्यांचे आणि पैसे जमा झाल्याच्या मेसेजांचे फोटो काढून घेतले.

२

दोन्ही मुलांना परदेशी पाठवणारा शैलेश पालघरातच बसत होता. त्याच्या ऑफिसच्या भिंतीभर बर्फाच्या डोंगरांची चित्रं होती. दुरून डोंगर साजरे ही म्हण त्याने पोटापाण्याला लावली होती.

"माणूस विमानात बसला की माझं काम संपलं, मॅडम," तो आधीच हात झटकून मोकळा झाला. "धीरज गुणी मुलगा. पण आईच्या पदराला गाठ मारलेला."

"म्हणजे?"

"मी दोघांना बजावलं होतं, ट्रॅव्हल कार्ड घ्या. तिकडचं चलन इथेच भरायचं, भाव तेव्हाच ठरतो, तिकडे मशीनमधून काढायचं. चिरागने ऐकलं. हा आईला घेऊन गेला आणि घरचं कार्ड उघडून आला. का, तर मेसेज आईला जावा! अहो, त्या कार्डावर दर वेळी बँक वरची दक्षिणा कापते. भाव रोज वेगळा. तिकडे काहीही काढा, इथे रुपयात सरळ आकडा म्हणून यायचा नाही. शेपूट असतंच."

"सरळ आकडा कधीच येत नाही?"

"लॉटरी लागली तर येईल."

मोनालीने त्याचा चहा अर्धाच सोडला. जिन्यात उभी राहून तिने फोनमधले फोटो वरखाली केले. हिवाळ्यातल्या खुशाल्यांना शेपटं होती. कुठे चार हजार सातशे त्रेसष्ट आणि वर पैसे, कुठे आणखी काही. फेब्रुवारीपासूनच्या खुशाल्यांवर तिचं बोट थांबलं. पाच हजार. पाच हजार. पाच हजार. एकालाही शेपूट नव्हतं.

हे पैसे पोलंडमध्ये निघालेच नव्हते.

३

तिला आधी वाटलं ते कोणालाही वाटलं असतं. कार्ड कोणीतरी चोरून आणलंय आणि म्हाताऱ्यांचं खातं पोखरतंय. पण खातं पोखरलं जात नव्हतं. काकी ज्याला पगार म्हणत होत्या ती रक्कमही नेमकी पाच हजारांचीच होती आणि पहिली खेप सोडली तर दर वेळी काढण्याच्या जरा आधी रोखीने भरलेली होती. आधी स्वतःचे पैसे भरून मग तेवढेच काढून नेणारा चोर मोनालीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मग त्याला मिळत काय होतं? पैसा नाही. मिळत होता फक्त एक मेसेज, तोही दुसऱ्याच्या फोनवर.

ती स्कूटर काढून शिरगावला गेली. किल्ल्याच्या मागच्या आळीत राऊतांचं घर होतं. कृष्णकांतकाका ओटीवरच्या खाटेवर पडून होते. फोन उशाशी होता आणि चांगला हात त्यावर होता.

"काका, पोलंडमध्ये असून हा शुक्रवारीच का पैसे काढतो?"

काकांनी तोंड एका बाजूने ओढत उत्तर दिलं. प्रश्नाचं उत्तर येत असल्याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता. "सु...ट्टी. तिकडं... शुक्रवारी... सुट्टी."

आळीतून जो कोणी परदेशी गेला तो आखातात गेला होता. त्या सगळ्यांना शुक्रवारची सुट्टी. म्हणून या घरात परदेश म्हणजे शुक्रवार, हे कोणी कोणाला विचारलंही नव्हतं. मोनालीने फोनमधले फोटो पुन्हा उघडले. हिवाळ्यात, शेपटं असताना, खुशाल्या शनिवारी येत होत्या. फेब्रुवारीपासून वार बदलला होता. पोलंडची सुट्टी कोणी हलवली नव्हती.

शुक्रवारी सुट्टी असलेलं एक गाव मात्र तिला माहीत होतं. तिथे विमानाने जावं लागत नव्हतं. तारापूरच्या कारखान्यांतली हजारो माणसं दर शुक्रवारी सुट्टीवर असतात आणि बोईसरच्या एटीएमसमोर रांगा लावतात.

४

बोईसरला तिला दोघांना भेटायचं होतं. दोघंही कारखान्यात कामाला होती, दोघांनाही शुक्रवारची सुट्टी, आणि दोघंही धीरजच्या जवळची.

पहिली रूपल. धीरजशी तिचं लग्न ठरलं होतं. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. गेटसमोरच्या टपरीवर ती उभ्याउभ्याच बोलली.

"काकी म्हणतात तो पैसे काढतो. म्हणजे मशीनला भेटायला त्याला वेळ आहे. मला एक मेसेज करायला नाही."

"तुला त्याच्या कार्डाचा नंबर माहीत होता?"

"त्याच्या फोनचा नंबर माहीत होता. तो बंद आहे." तिने ओढणीने डोळे टिपले. "मार्गशीर्षात माझं लग्न आहे, मॅडम. दुसऱ्याशी. तो सापडला तर एवढं सांगा, मी पुष्कळ वाट बघितली."

मोनालीच्या धंद्यात पहिला धडा हाच होता, की खोटं बोलणारा माणूस आपला राग लपवतो. या मुलीने काही लपवलं नव्हतं. धीरज जिवंत आहे असं समजून ती त्याच्यावर रागावली होती, आणि जो कोणी खुशाली पाठवत होता त्याला तो राग येणं शक्य नव्हतं.

राहिला चिराग. सालवडला एका चाळीत तो चार बिहारी मुलांबरोबर राहत होता. "चिराग भाई, कोई दीदी आयी है," दारातल्या मुलाने हाक मारली. चिराग बाहेर आला. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती.

"कंपनीत ॲसिड उडालं, ताई. दहा दिवस झाले, दवाखान्यातून कालच सुटलो." त्याने पत्र्याची खुर्ची पुढे केली. "धीरजचं काय सांगू? मी निघालो तेव्हा बरा होता. त्यानंतर काही कळलं नाही. शिरगावला माझं जाणं नाही. काकांना बघवत नाही."

"काकी काळजीत आहेत. माणूस हरवला म्हणतात."

"एक शुक्रवार चुकला म्हणून लगेच हरवला कसा?" तो तोडून म्हणाला. "येईल की खुशाली."

मोनालीने मान डोलावली, उठली, जिना उतरली. खालच्या नळावर भांडी घासणाऱ्या बाईला ओलांडून ती चार पावलं पुढे गेली आणि मग जागीच थांबली.

शुक्रवार काका-काकी दोघांनाच ठाऊक होता.

५

ती परत वर आली तेव्हा चिराग त्याच जागी बसला होता. मोनालीने दार लोटून घेतलं.

"कार्ड दे, चिराग."

त्याने गादीखाली डावा हात घातला आणि कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. वाद घातला नाही, रडला नाही. कोणीतरी कधीतरी येईल याची वाट बघत असल्यासारखा होता.

"कुठे आहे तो?"

"नाहीय, ताई."

मोनालीला ते पहिल्या पाच हजारांपासून आतल्या आत कळलं होतं. तरी 'कसा?' हे तिला विचारावंच लागलं.

चिरागने जमिनीकडे बघत सांगितलं. जानेवारीत धीरजचं गोदामाच्या मुकादमाशी वाजलं. काम गेलं, आणि खोली कंपनीची म्हणून त्याच संध्याकाळी खोलीही गेली. दुसरी खोलीवाली बाई रोख मागत होती. चिराग रात्रपाळीला आत होता. तिथे फोन आणि खिशातलं सगळं गेटवरच्या कपाटात ठेवावं लागायचं. त्याचं भरलेलं ट्रॅव्हल कार्ड त्या कपाटातच होतं.

"सकाळी फोन हातात आला तेव्हा हे होतं." त्याने फोन पुढे केला आणि बटण दाबलं.

वाऱ्याचा आवाज होता. मग धीरजचा. दात वाजत होते.

"चिरगा, मशीन पैसे देत नाय रे. दोनदा घातलं. कार्ड गेटवर ठेवून जातो, नंबर तुला ठाऊक हाय, सकाळी तू बघ. आईनंच बंद केलं वाटतं. जाऊ नको म्हणत व्हती ना, रागावली असंल. असू दे. मी बसच्या थांब्यावर हाय. बाहेर आलास की उठव मला."

चिरागने फोन उलटा ठेवला.

"थांब्यावर पोलिस होते, ताई. बर्फ पडत होता. मी लांबूनच त्याचं जाकीट ओळखलं."

"जवळ गेलास?"

"नाही," तो म्हणाला. "आमचे कागद कसले होते ते त्या एजंटाला विचारा. मला पकडलं असतं. मी त्याला ओळख दिली नाही. त्यांनी नाव न लिहिता पुरलं असेल कुठेतरी."

"आणि खुशाली?"

"इथे आल्यावर कार्ड एकदा बोईसरच्या मशीनमध्ये घालून बघितलं. नुसतं बघायला. चाललं, ताई, पाच हजार हातात आले! कार्डाला काही झालंच नव्हतं. तिकडचं तेवढं कोणीतरी बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी आई फोनवर म्हणाली, जयवंतीकाकींनी आळीत पेढे वाटले, धीरजची खुशाली आली म्हणून." तो आता पहिल्यांदा वर बघून बोलला. "पेढे वाटल्यावर कसं बंद करणार? पैसे परत भरले, परत काढले. मग दर शुक्रवारी."

मोनाली ऐकत होती, पण तिचं मन मागे गेलं होतं. कार्ड इथे चालतं, तिकडे बंद. तिकडचं बंद बँक उगीच करत नाही. दोनदा मशीनमध्ये कार्ड गेलं तेव्हा बँकेने खात्यावरच्या फोनला विचारलं होतं, परदेशात तुम्ही पैसे काढताय का? आणि 'तुम्ही' म्हणजे आपण, असं समजून एका सरळ बाईने सरळ उत्तर दिलं होतं.

मोनालीने त्यावर तिला शाब्बास म्हटलं होतं.

"कोणी बंद केलं असेल, ताई?" चिरागने विचारलं.

"माहीत नाही," मोनाली म्हणाली. "तो आवाज पुसून टाक. माझ्यादेखत."

त्याने पुसला.

६

काकी वाडीत पानवेलींना पाणी सोडत होत्या. मोनालीने त्यांना ओटीपासून लांब, विहिरीच्या कठड्यावर बसवलं आणि सांगितलं. असल्या गोष्टी घुमवून सांगता येत नाहीत. काम गेलं, थंडी होती, चिराग आत होता, धीरज गेला. खुशाली चिराग पाठवत होता.

काकी ओरडल्या नाहीत. ओटीवर आवाज गेला असता. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि कितीतरी वेळ तशाच हलत राहिल्या. पाटाचं पाणी भलत्याच वाफ्यात शिरलं. मोनालीने उठून ते वळवलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"पैसे तर खात्यात व्हते," काकी शेवटी म्हणाल्या. "मग त्याला का नाय मिळाले?"

"मशीन बिघडलं होतं, काकी. तिकडचं."

लोकांचं खोटं पकडून पोट भरणाऱ्या मोनालीला स्वतःला खोटं बोलायची सवय नव्हती. काकींनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी मागे मागे जात होतं, आणि मोनालीला ते थांबवता येईना.

"नाय," काकी म्हणाल्या. "ती बाई मला इचारत व्हती. पोराचं इचारत व्हती."

"काकी..."

"मी म्हटलं, नाय काढत. त्याला नाय देऊ असं मीच सांगितलं." हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, एखाद्याने आपलं नाव सांगावं तसं. मग मोनालीचं मनगट घट्ट धरलं. "त्याला कळलं व्हतं काय, मी बंद केलं ते?"

"नाही," मोनाली म्हणाली. या वेळी डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. "त्याला काही कळलं नाही."

काकींनी ते खरं मानलं की नाही, हे मोनालीला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांनी मनगट सोडलं.

तिकडच्या वकिलातीला लिहिता येईल, कुठे ठेवलंय ते शोधता येईल, दिवस करता येतील, असं मोनाली बोलत राहिली. काकींनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्यांच्यामागं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यामागं बघू सगळं. कार्ड कुठं हाय?"

मोनालीने पर्समधून काढून दिलं.

"चिरागचा हात भाजलाय म्हणालीस ना. त्याला सांग, आता तू राहू दे." काकींनी कार्ड कमरेच्या पिशवीत सरकवलं. "मशीन कसं चालवायचं ते मला येत नाय. तू दाखवशील?"

शुक्रवारी मोनाली त्यांना स्कूटरवरून बोईसरला घेऊन गेली. शिरगावजवळच्या मशीनवर गावातलं कोणीतरी भेटलं असतं. रांगेत सगळी कारखान्यांतली मुलं होती. एकाने "आओ चाची, पहले आप" म्हणून जागा दिली. काकींनी कार्ड उलटं घातलं, मग सुलटं घातलं. नंबर त्यांना पाठ होता. नोटा बाहेर आल्या तशा त्यांनी त्या न मोजता मोनालीच्या हातात कोंबल्या आणि दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

ओटीवर कृष्णकांतकाका जागे होते. चांगल्या हाताने त्यांनी फोन जमेल तेवढा उंच धरला होता, आणि तोंडाची हलणारी बाजू हसत होती.

"आ...ली," ते म्हणाले. "आली बघ."

"आली?" काकी चपला काढता काढता म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं? उगाच जीव काढला माझा."

काकांनी फोन छातीवर ठेवला. जरा दम घेतला. "तो... कधी... भेटंल?"

मोनालीने तुळशीकडे तोंड फिरवलं. काकी खाटेजवळ गेल्या, नवऱ्याच्या हनुवटीवरून ओघळलेली लाळ पदराने पुसली, चादर छातीपर्यंत ओढली.

"भेटंल," त्या म्हणाल्या. "आता लवकरच भेटाल तुमी दोघं."

आणि त्या भात टाकायला आत गेल्या.